पंपाचा मान

लखनौला येऊन मला बरीच वर्षं झाली, पण माझी हिंदी साताऱ्याहून निघाली ती अजून वाटेतच आहे. नवरा रेल्वेत इंजिनियर, त्याच्या बदलीमागे आले आणि इथेच रुजले. जानकीपुरममध्ये एका मिठाईच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. मी कुणी मोठी तज्ज्ञ नाही. ताप, जुलाब, कानदुखी आणि सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला हमखास उठणारी पोटदुखी, एवढंच माझं राज्य. फक्त दिवाळी जवळ आली की हवेत धूर साचायला लागतो आणि धापा टाकणारी मुलं जिना चढून येऊ लागतात. मग थंडी सरेपर्यंत मी दम्याची औषधं लिहीत बसते आणि खालून तुपाचा वास येत राहतो.

पहिला घोटाळा 'दम' या शब्दाने केला. आपल्याकडे हा शब्द किती कामाचा आहे. चढ चढला की दम लागतो, वाटेत आपण दम खातो, पोरांना दम देतो, निकाल लागेपर्यंत दम धरतो. हिंदीतही हा शब्द असाच दिसतो, तेव्हा वागतही असाच असेल असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी सात वर्षांची एक मुलगी आली. बरोबर आई, आजोबा आणि आजी. आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा कुर्ता, चष्म्याला दोरी. आजी सगळ्यांच्या मागून जिना चढल्या. मधल्या वळणावर कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी दारातूनच विचारलं, बरं वाटत नाहीये का, तर त्यांनी हात हलवून "घुटने" एवढंच सांगितलं. सगळे बसल्यावर मी मुलीच्या आईला विचारलं, "बच्ची को दम लगता है क्या?"

आईने पदर सावरला. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"डॉक्टर साहब," ते म्हणाले, "हमारे ख़ानदान में किसी ने आज तक दम नहीं लगाया. सिगरेट तक नहीं."

इथे दम लगाना म्हणजे चिलमीचा झुरका मारणं, हे मला तेव्हा कळलं. फ्रॉक घातलेल्या, समोरचे दोन दात पडलेल्या मुलीला मी चिलीम ओढतेस का, असं विचारलं होतं. माझे कान तापले. सावरून घ्यायला मी घाईघाईने म्हणाले, "नहीं नहीं, मतलब दौड़ने पर दम भरती है क्या?"

"किसका?" आईने विचारलं.

दम भरना म्हणजे कुणावर तरी जीव असल्याचं जगाला सांगत फिरणं. हे मात्र मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, संध्याकाळी नवऱ्याने हसत हसत सांगितलं. शेवटी मी छातीवर हात ठेवून जोरजोरात धापा टाकून दाखवल्या. तेव्हा आजोबांचा चेहरा उजळला. "अच्छा, साँस फूलती है! हाँ, साँस तो फूलती है." त्यांनी हे इतक्या आनंदाने सांगितलं की मलाही क्षणभर चांगली बातमी मिळाल्यासारखं वाटलं.

बातमी चांगली नव्हती. मुलीच्या छातीत बारीक शिट्या वाजत होत्या. आदल्या थंडीत तिला हॉस्पिटलात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला होता. तिथून आणलेलं औषध बरं वाटल्याबरोबर बंद झालं होतं. मी सरळ सांगितलं की हा दमा आहे, औषध रोज घ्यावं लागेल, आणि गेल्या वर्षीसारखं बंद केलंत तर पुढच्या वेळी हॉस्पिटलपर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. लहान मुलांच्या बाबतीत मी गोड बोलत नाही. आईचे डोळे भरून आले, ते मला हवंच होतं. रडणारी आई औषध विसरत नाही.

तेव्हा आजी पहिल्यांदा बोलल्या.

"डॉक्टर साहब... यह लफ़्ज़... बच्ची के नाम के साथ... न जोड़िए. कल को... रिश्ता होना है."

सात वर्षांच्या मुलीचं लग्न मध्ये आल्यामुळे माझा पारा चढायला हवा होता. पण खरं सांगते, मी त्यांचं बोलणंच ऐकत राहिले. दोन शब्द, मग एक थांबा. पुन्हा दोन शब्द, पापण्या खाली, हात मांडीवर. आम्ही सातारकडची माणसं भांडल्यासारखं बोलतो आणि भांडतो तेव्हा गावाला कळतं. असं बोलणं मी फक्त याच शहराबद्दल ऐकलं होतं, समोर कधी भेटलं नव्हतं. आजोबांनी माझा चेहरा ओळखला. "ये ब्याह कर आईं तो अड़ोस-पड़ोस की औरतें सिर्फ़ इनको सुनने आती थीं," ते म्हणाले. "क्या ठहराव, क्या नज़ाकत. और ये बच्ची बिल्कुल दादी पर गई है. बोलो बेटा, डॉक्टर साहब को नमस्ते बोलो."

"नमस्ते... डॉक्टर साहब," मुलगी म्हणाली. मध्ये एक छोटा, सुंदर थांबा.

मी रात्री जेवताना हे घरी सांगितलं. आमची लेक कॉलेजात आहे, तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर ती हिंदीतून देते. मी म्हटलं, जरा शिक त्या मुलीकडून, कशी थांबून थांबून बोलते. "यार मम्मा, इतना धीरे कौन बोलता है," ती म्हणाली आणि तेवढ्यात आणखी चार वाक्यं बोलून मोकळी झाली.

औषध म्हणजे पंप. पंप म्हटलं की या शहरात माणसं खुर्चीत मागे सरकतात. पंप म्हणजे शेवटची पायरी, पंपाची आदत पडते, पंप लागला की सुटत नाही. मी आजोबांना विचारलं, चष्म्याची सवय लागेल म्हणून तुम्ही चष्मा टाळलात का. ते विचारात पडले. मग मी पंपाबरोबर लावायचा प्लॅस्टिकचा लांबट डबा दाखवला. एका टोकाला पंप बसवायचा, दुसऱ्या टोकाला मास्क, तो नाकातोंडावर धरायचा, पंप हलवून दाबायचा आणि शांतपणे श्वास घ्यायचे. पंपात दोन औषधं एकत्र असतात. एक आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं आणि दुसरं आतली सूज हळूहळू उतरवतं. दोन वेळा द्यायचं, नंतर चूळ भरायची, आणि बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही. 'दमा' हा शब्द कुठे दिसता कामा नये, ही आजींची अट मी मान्य केली आणि कागदावर 'साँस की एलर्जी' असं लिहिलं. औषध छातीत जाण्याशी मला मतलब होता.

पहिले काही दिवस उत्तम गेले. आईचा फोन आला की मुलगी झोपेत खोकत नाही. मी खूश होते. मग दिवाळीच्या फटाक्यांनंतर एका दुपारी आई तिला उचलूनच घेऊन आली. मुलीच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, ओठ पांढुरके झाले होते आणि तिला एक शब्दही पुरता बोलता येत नव्हता. मी तोंडावर वाफेचा मास्क लावला, ऑक्सिजन सुरू केला, तोंडातून औषध दिलं, गाडी तयार ठेवायला सांगितली आणि तिचं मनगट धरून बसले. त्या वेळी मला खूप भीती वाटत होती. चेहऱ्यावर ती दिसू नये म्हणून मी आईला रागवत होते.

"पंप बंद केला ना? खरं सांगा."

"नहीं डॉक्टर साहब, कसम से. रोज़ दिया है. आज सुबह भी." तिने पर्समधून पंप काढून दाबला. "देखिए, भरा हुआ है." फुस्स आवाज झाला, छान पांढरा फवारा उडाला.

हळूहळू मुलीचा श्वास सैल झाला. ओठांवर रंग आला. माझा जीव भांड्यात पडला आणि डोकं चालायला लागलं. या पंपावर आकडा दाखवणारी खिडकी नव्हती. असा पंप औषध संपल्यावरही फुस्स करत राहतो, आतला गॅस तेवढा बाहेर येतो. पण माझ्या हिशेबाने त्यातलं औषध अजून बरेच दिवस पुरायला हवं होतं. तेवढ्यात आजोबा, आजी आणि धाकटे काका असे तिघंही जिना चढून आले. आजी अर्थातच शेवटी, वळणावर थांबून. मी सगळ्यांना समोर उभं केलं आणि म्हटलं, घरी पंप कसा देता ते मला जसंच्या तसं करून दाखवा.

आजोबांनी गळा साफ केला. मग त्यांनी डबा उचलला, पंप हलवला, मास्क स्वतःच्या तोंडावर लावला आणि दाबला.

मी काही बोलणार तोवर त्यांनी डबा दोन्ही हातांनी आजींपुढे केला. आजींनी घेतला, एकदा दाबला, डोळे मिटून थांबल्या, पुन्हा एकदा दाबला.

"आप दो बार?" मी विचारलं.

"एहतियातन," आजी म्हणाल्या. म्हणजे खबरदारी म्हणून.

मग काकांचा नंबर लागला. काकांनंतर आई. आईने मास्क पदराला पुसला आणि वाफेचा मास्क लावून पडलेल्या मुलीकडे डबा नेला. मुलीने मास्कच्या आतून समजूतदारपणे मान हलवली, म्हणजे आता माझी पाळी.

माझ्या तोंडून मराठीत जे निघालं ते इथे लिहीत नाही.

मग हळूहळू सगळं कळलं. पहिल्या दिवशी मुलीने हट्ट धरला होता की मी एकटीनेच का. कडू नाही हे दाखवायला आजोबांनी एक घेतला. दुसऱ्या दिवशी तिला आजोबांबरोबर आजीही हवी झाली, मग काका. मुलीने घेतल्यावर मास्क जूठा, म्हणजे उष्टा होणार, आणि थोरांना उष्टं कसं द्यायचं, म्हणून मोठ्यांचा मान आधी आणि ती शेवटी असा क्रम ठरला. आपल्याकडे देवळात मानकऱ्यांचा असतो तसा. शिवाय दारात आलेल्या माणसाला विचारल्याशिवाय हे लोक पाणीसुद्धा पीत नाहीत. पंप तोंडाच्या सुगंधाचा आहे असं आजींनी शेजारी सांगून ठेवलेलं, त्यामुळे संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांनाही "पहले आप" म्हणून आग्रह झाला होता. मुलीच्या आईचे एक मामेसासरे जाताना म्हणाले होते की खुशबू ज़रा हल्की है.

त्या मुलीच्या वाट्याला किती दिवस नुसता गॅस आला होता देव जाणे.

मी चिडले होते, पण कुणावर ओरडणार? तिच्यावर जीव नसता तर त्यांच्यापैकी एकानेही प्लॅस्टिकच्या डब्यात तोंड घातलं नसतं. त्या रात्रीपुरतं मुलीला हॉस्पिटलात ठेवलं. ती घरी आल्यावर मी सगळ्यांना बोलावलं. औषध कंपन्यांची माणसं सरावासाठी रिकामे पंप देऊन जातात, त्यांनी माझा एक खण भरलेला आहे. मी प्रत्येकाला एकेक पंप दिला. स्वच्छ सांगितलं, यात औषध नाही, नुसती हवा आहे. भरलेला पंप आणि डबा फक्त मुलीचा, त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि तिने सगळ्यांच्या आधी घ्यायचा.

"बड़ों के होते हुए बच्ची पहले?" आजोबांनी विचारलं. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

बरीच बोलणी झाली. आमच्या रेल्वेत दोन विभागांची बैठकही यापेक्षा लवकर संपते, असं नवरा नंतर म्हणाला. शेवटी तोडगा निघाला की सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचा, आजोबा एक-दो-तीन म्हणतील. आजींनी आपला पंप हातात फिरवून पाहिला.

"बिल्कुल... ख़ाली है?"

"बिल्कुल," मी म्हणाले.

त्यांनी तो रुमालात गुंडाळून ठेवला.

पुढच्या तपासणीला सगळं कुटुंब प्रसन्न होतं. मुलगी जिना पळत चढून आली, छाती स्वच्छ होती. आजोबांनी सांगितलं की त्यांचं पोट आता सकाळी वेळेवर साफ होतं. काकांची डोकेदुखी थांबली होती. आईला झोप चांगली लागत होती. मी म्हटलं, अहो, तुमच्या पंपात काही नाही. "मालूम है डॉक्टर साहब," काका म्हणाले, "पर फ़ायदा तो है." मी हात टेकले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी आजोबा आणि काका गंभीर चेहऱ्याने आले. मला वाटलं, पुन्हा काही झालं. मुलगी बरी होती. तक्रार वेगळी होती. ती फार बोलायला लागली होती. भरभर, न थांबता, मोठ्यांचं बोलणं तोडून. शाळेच्या कार्यक्रमात तिने कविता अशी म्हटली की ऐकणाऱ्यांना आधी कळेचना की ती संपली. आजोबांच्या मते हा औषधाचा दुष्परिणाम होता.

"ज़बान खुल गई है," ते म्हणाले. "वो ठहराव ही चला गया. हमारे घर की जो पहचान थी... आप दवा कुछ दिन रोक दीजिए. या आधी कर दीजिए."

मी आधी हसले. मग माझ्या लक्षात आलं की माणूस अगदी मनापासून बोलतोय आणि घरात त्याचा शब्द चालतो. मी पुन्हा तेच सांगितलं, थंडी अजून सरलेली नाही, औषध थांबलं तर ती पुन्हा त्याच टेबलावर येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझे आभार मानले, आणि "देखते हैं" असं म्हणून निघाले. इथली मंडळी नकार याच शब्दाने देतात, इतकं लखनौ मला आता कळतं. मी रात्री जेवले नाही. "अगं, तू काय त्यांच्या घरी जाऊन बसणारेस का?" नवऱ्याने विचारलं. खरं तर मी तोच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना रिकामा असताना, जिन्यावर पावलं वाजली आणि वळणावर थांबली. बराच वेळ काहीच आवाज नाही. मी जाऊन पाहिलं तर आजी. एकट्याच.

खुर्चीवर बसून त्यांनी पदराने कपाळ टिपलं. मग म्हणाल्या, "नीचे से... इमरती लेने के... बहाने आए हैं." रुमालातून त्यांनी आपला रिकामा पंप काढून टेबलावर ठेवला. "सबको फ़ायदा है. बस... हमें नहीं."

"अम्माजी, वो ख़ाली है. मैंने बताया था."

"मालूम है. उन लोगों को... ख़ाली से फ़ायदा है. हमें... भरी वाली से था."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. दोन शब्द, मग एक थांबा. मी उठून त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. नातीच्या छातीत वाजत होत्या त्याच शिट्या, फक्त जास्त जुन्या आणि जास्त खोल. जिन्याच्या वळणावर थांबणारे गुडघे, दोनदा दाबलेला पंप, ते 'एहतियातन'. सगळं माझ्यासमोरच घडलं होतं आणि मी नज़ाकत ऐकत बसले होते.

"कब से है?"

"ब्याह के... पहले से." त्या खिडकीकडे बघत सांगत होत्या. "विदाई के दिन... हमारी अम्मा ने कहा था, दो लफ़्ज़ बोलना... फिर रुक जाना. साँस ले लेना. कोई पूछे तो कहना... आदत है. यहाँ आए तो सबने कहा... क्या नज़ाकत है." त्या किंचित हसल्या. "हमने सोचा, चलो... नज़ाकत ही सही."

मुलगी उजवावी म्हणून तिला श्वास लपवायला शिकवणारी ती आई कधीच गेलेली असणार. तिच्यावर रागावू म्हटलं तरी मला रागावता येईना. या बाईंनी सबंध संसार थांबून थांबून केला होता आणि सगळ्या मोहल्ल्याने त्याला वाहवा दिली होती.

"पोती का पंप," त्या म्हणाल्या, "पहले दिन चखा तो... उम्र में पहली बार... छाती खुल गई. हम डर गए. लगा... चोरी कर रहे हैं. फिर भी... दो बार लेते रहे." रुमालाने त्यांनी डोळे टिपले. "बच्ची उसी से... बीमार पड़ी ना?"

मी म्हटलं, पाहुण्यांपासून मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी घेतला, एकट्या तुमच्यामुळे काही झालं नाही. हे बऱ्यापैकी खरं होतं.

मग टेबलावरचा माझा पेन उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"ये लोग कहते हैं... दवा रोक दो, बच्ची फिर... ठहर-ठहर के बोलेगी. हम नहीं होने देंगे. लिखिए बिटिया. हमें दमा है. एलर्जी-वेलर्जी नहीं... साफ़ लिखिए."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरात, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

इमरत्या मीच खालून मागवल्या, म्हणजे बहाणा खरा ठरावा. त्यांच्या बाकीच्या तपासण्या केल्या, त्यांचा स्वतःचा भरलेला पंप सुरू केला. त्यांच्या वयाला, इतक्या वर्षांनंतर, सगळं सुटणार नव्हतं, तेही सांगितलं.

होळीच्या आसपास सगळं घर आलं. या वेळी आजी आणि नात पुढे, आजोबा मागे. वळणावर कुणी थांबलं नाही. खुर्चीवर बसतात न बसतात तोच आजोबांनी सुरुवात केली. "डॉक्टर साहब, अब तो घर में दो हो गईं. कोई ठहराव ही नहीं बचा. आप दोनों की दवा ज़रा..."

"चुप रहिए," आजी म्हणाल्या.

आजोबांनी त्यांच्याकडे मान वळवली. मला वाटतं, ही दोन शब्दांची आज्ञा त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकली असेल. पण आजी दोन शब्दांवर थांबल्या नाहीत.

"उम्र भर आपने हमारे रुकने पर वाह-वाह की और हमें साँस नहीं आ रही थी और आप पड़ोसियों को बुला-बुला कर सुनवाते रहे और अब ये बच्ची बोलेगी भी और दौड़ेगी भी और जिसको इससे रिश्ता करना होगा वो दमा सुन के करेगा और दवा घर में सबसे पहले यही लेगी और आप बैठ के अपनी ख़ाली वाली लेते रहिएगा."

कुठेही न थांबता त्या इतकं बोलल्या. शेवटी फक्त थोडी धाप लागली, ती कुणालाही लागली असती.

आजोबांनी चष्मा काढला. तो पुसायचं मात्र त्यांना सुचलं नाही. ते बायकोकडे बघत होते, आणि मला दिसत होतं की ते मागे मागे जाऊन एकेक गोष्ट नव्याने ऐकत आहेत.

"हमें..." ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "हमें मालूम... नहीं था."

मुलगी एवढा वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती उठली, आईच्या पर्समधून आजोबांचा रिकामा पंप शोधून काढला, नीट हलवला आणि त्यांच्यापुढे धरला.

"लीजिए दादाजी," ती म्हणाली. "दो बार. एहतियातन."

त्यांनी निमूटपणे घेतला.